साहेब, हे तुम्हीच ना?

विश्वास पानिपतात गेला, असं आपण मराठी माणसं येता-जाता म्हणतो. १७६१ साली विश्वासराव पडले आणि तेव्हापासून उसने पैसे मागायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवण्याची आपली सोय झाली. पण हे वाक्य मनापासून कुणी म्हणत असेल असं मला कधीच वाटलं नाही. ते म्हणता म्हणता खिशातून पन्नासाची नोट काढून देणारे लोक मी पाहिले आहेत. शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवून आपण गावाला जात होतो. रेल्वेत समोरच्या अनोळखी गृहस्थाला ‘जरा ट्रंकेकडे लक्ष ठेवा हं’ असं सांगून फलाटावर पाणी भरायला उतरत होतो. त्या गृहस्थाकडे लक्ष कुणी ठेवायचं, हा प्रश्न आपल्याला पडत नव्हता.

हापिसात मात्र विश्वास खरोखरीच गेला. तो गेल्याची रीतसर बातमी आम्हांला एका मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार या वेळात, एक सामोसा आणि अर्धा कप चहा यांसह देण्यात आली.

निमित्त होतं ‘माहिती-सुरक्षा जागरूकता सप्ताहा’चं. सप्ताह म्हटलं की आमच्या पिढीला वीणा, पहारा, कीर्तन आणि शेवटी काल्याचा प्रसाद आठवतो. इथे प्रसाद आधी होता म्हणून गर्दी होती. व्यासपीठावर आमच्या संगणक विभागातला एक तरुण उभा होता. चेहरा सज्जन, बोलणं मृदू. मुलीसाठी स्थळ म्हणून कुणीही चौकशी करावी असा. आणि हा सज्जन मुलगा सांगत काय होता, तर ‘कुणावरही विश्वास ठेवू नका.’ आलेल्या ई-मेलवर ठेवू नका, फोनवर ठेवू नका, शेजारच्या टेबलावरच्या माणसावर ठेवू नका, साहेबांच्या नावाने आलेल्या निरोपावर तर मुळीच ठेवू नका. या पद्धतीला ‘झीरो ट्रस्ट’ म्हणतात आणि सध्या जगात तिचा बोलबाला आहे, हेही त्याने सांगितलं.

आमच्याकडे अकाउंट्समध्ये एक बाई आहेत. तीस वर्षं नोकरी झाली, पण एक रुपयाचा फरक लागला तरी घरी जात नाहीत. त्यांनी हात वर केला.

‘‘म्हणजे तुमच्यावरही ठेवायचा नाही का?’’

मुलगा प्रामाणिक होता. जरा विचार करून म्हणाला, ‘‘तत्त्वतः, नाही.’’

‘‘मग हे जे आत्ता सांगितलंत, ते तरी खरं कशावरून धरायचं?’’

या जातीच्या कोड्यावर ग्रीक तत्त्वज्ञ दोन हजार वर्षांपूर्वीच अडून बसले होते. आमच्या हापिसाने ते चहा आला म्हणून सोडून दिलं.

मला मात्र ते सुटलं नाही. सज्जन माणसाला पगार देऊन संशयी बनवणं नीतीला धरून आहे का? घरी आपण मुलांना सांगतो, बाळांनो, माणसावर विश्वास ठेवावा. तीच मुलं मोठी होऊन नोकरीला लागतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना कुणीतरी सांगतं, तेवढं सोडून काहीही करा.

आधी पासवर्डचं बघू, म्हणजे हे शास्त्र आणि माणूस यांचा संसार कसा चालला आहे ते ध्यानात येईल. संगणकाला पासवर्ड लावण्याची कल्पना १९६० नंतरच्या एक-दोन वर्षांतली, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतली. संगणक एक आणि वापरणारे अनेक, म्हणून ज्याने त्याने आपल्या फायली आपल्या खुणेने उघडाव्यात असं ठरलं. १९६२ साली तिथल्याच एका विद्यार्थ्याने, वाट्याला आलेला वेळ पुरत नाही म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. कुलपाची हळद उतरायच्या आत चोरकिल्ली घरात आली होती.

पुढे २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या बिल बर या अधिकाऱ्याने उपदेश लिहिला, की पासवर्डात मोठी लिपी, छोटी लिपी, आकडा, चिन्ह असं सगळं कालवावं आणि तो ठरावीक दिवसांनी बदलावा. जगातल्या हापिसांनी तो वेदवाक्य मानला. २०१७ साली त्याच संस्थेने शब्द फिरवला. पासवर्ड फुटल्याचा संशय नसेल तर उगाच मुदत घालून बदलायला लावू नका, असं ती सांगू लागली. निवृत्त झालेल्या बर यांनीही, आपण लिहिलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो, असं वर्तमानपत्राला सांगून टाकलं. परिपत्रकाला मात्र पश्चात्ताप होत नाही. आमच्याकडे अजून नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो.

दर तीन महिन्यांनी नवं नाव कुठून आणायचं? आधी देव संपले, मग मुलं-नातवंडं संपली. शेवटी मंडळी एकाच देवापुढे आकडा वाढवत राहिली. आमच्या आवक-जावकच्या मामांचा गणपती सध्या सतराव्या क्रमांकावर आहे. हे मला कसं माहीत? त्यांच्या टेबलामागे टांगलेल्या कालनिर्णयवर, चहाच्या हिशेबाखाली, तो लिहिलेला आहे. वरचे सोळा खोडले आहेत, विसर्जन झाल्यासारखे.

मामांना बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. पण माणसाच्या डोक्यात मावणार नाही असं काही मागायचं, आणि ते त्याने भिंतीवर लिहिलं की त्यालाच गुन्हेगार धरायचं, याला न्याय म्हणत नाहीत. उंदराला मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सांगून, नाही बांधली म्हणून मेमो देण्यातला हा प्रकार आहे.

तरीही पासवर्ड ही किरकोळ गोष्ट. खरी गोम पुढेच आहे. माझी इतकी वर्षं अशी समजूत होती की चोर हा माणसाच्या दुर्गुणांवर पोट भरतो. लोभ नसेल तर दामदुपटीवाला काय करणार? त्या व्याख्यानानंतर मी घरी जाऊन मोठमोठ्या फसवणुकींच्या हकिकती वाचून काढल्या आणि ही समजूत डळमळली.

पहिली हकिकत प्रेमाची. ४ मे २००० या दिवशी जगभरच्या संगणकांवर एक पत्र आलं. विषय : ‘आय लव्ह यू’. सोबत एक प्रेमपत्र जोडलेलं. आता पंचवीस वर्षं फायली उपसलेल्या एखाद्या उपसचिवाला जन्मात पहिल्यांदाच कुणी असं लिहिलं असेल, तर त्याने ते उघडून बघू नये का? त्याने उघडलं. उघडताच संगणकातल्या फायलींची नासधूस झाली, आणि तेच प्रेमपत्र त्याच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना, म्हणजे साहेबांपासून सासऱ्यांपर्यंत, आपोआप रवाना झालं. ब्रिटनच्या संसदेला आपली ई-मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली. पत्राचा कर्ता फिलिपिन्समधला एक तरुण होता. त्या देशात तेव्हा असल्या गुन्ह्याला कायदाच नव्हता, त्यामुळे त्याला शिक्षा झाली नाही. कायदा नंतर झाला.

दुसरी हकिकत भिडेची, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतली. तपासात पुढे दिसलं ते असं, की २०१५ च्या सुरुवातीला बँकेतल्या काही जणांना नोकरी मागणाऱ्या एका उमेदवाराची ई-मेल आली होती. माझी माहिती कृपया पाहावी, अशी विनंती. कुणातरी भल्या माणसाने पाहिली, आणि चोर आत आला. वर्षभर तो आत राहिला, आणि ४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री त्याने बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून पैसे काढण्याचे पस्तीस हुकूम सोडले. एकूण रक्कम जवळजवळ एक अब्ज डॉलर. या हुकमांची नोंद ज्या प्रिंटरवर आपोआप छापली जायची, तो प्रिंटर दुसऱ्या दिवशी बंद आढळला. बँकेतल्या लोकांना वाटलं, नेहमीप्रमाणे बिघडला असेल.

मी हे वाचलं आणि मला त्या बँकेबद्दल एकदम घरोबा वाटला. हापिसातला प्रिंटर बंद असणं हा संशयास्पद प्रकार आहे असं मानणारा कर्मचारी आशिया खंडात तरी जन्माला यायचा आहे. आमच्याकडचा चालू झाला तर आम्ही चौकशी करतो.

या दरोड्यात आठ कोटी दहा लाख डॉलर मनिलाला गेले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी मात्र वाचले, कारण हुकमात ‘फाउंडेशन’च्या जागी ‘फँडेशन’ असं काहीतरी लिहिलं होतं. मधल्या एका बँकेत कुणाला तरी ते खटकलं आणि त्याने उलट विचारलं, हे काय आहे? शुद्धलेखनाचे मार्क कापून आमचं बालपण कडू करणाऱ्या तमाम मास्तरांच्या आत्म्याला ही बातमी कुणीतरी पोचवायला हवी. पण त्याहून महत्त्वाचं आहे ते त्या अज्ञात कारकुनाचं उलट विचारणं. ते जरा लक्षात ठेवा.

तिसरी हकिकत आपल्या पुण्याची. २०२२ च्या सप्टेंबरात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये व्हॉट्सॲपवर अदर पूनावाला यांच्या नावाने निरोप आला की अमुक खात्यांत पैसे भरा. मालकाचा निरोप! भरले. एक कोटी एक लाखाच्या वर रक्कम गेली, आणि मग कळलं की मालकांनी असा निरोप धाडलाच नव्हता. जगाला लस पुरवणाऱ्या संस्थेतली माणसं ही. त्यांना अडाणी म्हणण्याची माझी छाती नाही. त्यांनी केलं ते एवढंच, की वरून आलेला हुकूम तत्परतेने पाळला. हेच एरवी केलं तर माणसाच्या गोपनीय अहवालात ‘उत्तम’ असा शेरा पडतो.

प्रेम, भीड, आज्ञाधारकपणा. मूल्यशिक्षणाच्या पुस्तकातले धडे चोराने ओळीने पाठ केले आहेत, आणि आपण मात्र ते परीक्षेनंतर विसरलो आहोत. लोभी माणसाला लुटणाऱ्यांची संख्या अजून मोठीच आहे. पण हापिसात बसलेल्या माणसाला गाठायचं तर त्याच्या चांगुलपणाच्या दारातून जाणं सोपं पडतं. मग त्या दाराला वीट-चुना लावून ते कायमचं बुजवायचं का?

काही हापिसांनी यावर वेगळाच तोडगा काढला. चोर गळ टाकतो ना, मग त्याच्या आधी आपणच टाकून बघू! म्हणजे हापिसानेच आपल्या माणसांना खोटी ई-मेल पाठवायची, आणि जो गळाला लागेल त्याला धडा द्यायचा. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या गोडॅडी या कंपनीने आपल्या नोकरांना कळवलं की नाताळनिमित्त साडेसहाशे डॉलरची भेट मिळेल, इथे माहिती भरा. करोनाचं वर्ष. लोकांनी भरली. दोन दिवसांनी उत्तर आलं की आपण परीक्षेत नापास झाला आहात. बोभाटा झाला आणि कंपनीला माफी मागावी लागली. पुढच्याच वर्षी इंग्लंडातल्या वेस्ट मिडलँड्स ट्रेन्स या रेल्वे कंपनीने, साथीच्या काळात केलेल्या कामाबद्दल आभार आणि बक्षीस, अशी ई-मेल आपल्या कामगारांना धाडली. तीही परीक्षाच निघाली. आभारसुद्धा खोटे!

आमच्या हापिसाने जगाच्या मागे राहायचं नाही असं ठरवलं. एका सकाळी सगळ्यांना ई-मेल आली : ‘महागाई भत्त्याची थकबाकी : आपली रक्कम येथे पाहा’. आता महागाई भत्त्याच्या थकबाकीचं नाव काढल्यावर जो माणूस बोट आवरू शकतो, त्याने नोकरी करू नये, हिमालयात जावं. तेवीस जणांनी बोट आवरलं नाही. पडद्यावर एक हसरा मासा आला आणि खाली अक्षरं, ‘तुम्ही फसलात!’

इथवर ठीक होतं. पण संध्याकाळी तेवीस जणांची यादी निघाली, तीही कुणी किती वेळात बोट लावलं त्या क्रमाने. पहिले आले रेकॉर्ड विभागातले काका. निवृत्तीला आठ महिने उरलेले. चाळीस सेकंद. अख्ख्या आयुष्यात काकांचा पहिला नंबर आला तो हा. हापिसाने त्यांना एक तासाचा धडा आणि दहा प्रश्नांची परीक्षा दिली. मुलांनी त्यांना ‘काका, मासा ताजा होता का?’ असं विचारून घेतलं. काका हसले. जुन्या लोकांना हसायची सवय असते.

त्यानंतर काकांनी ई-मेल उघडणंच बंद केलं. एकही नाही. महिन्या-दीड महिन्याने ते माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, ‘‘जरा बघता का हो? पेन्शनच्या कागदांबद्दल काहीतरी आलंय. खरं आहे, की पुन्हा माझी परीक्षा?’’

ते खरं होतं. मुदत संपायला दोनच दिवस राहिले होते.

तुम्ही म्हणाल, आगीची कवायत नाही का करत? करतो. पण घंटा वाजवून करतो. कुणाच्या धोतराला काडी लावून, किती वेळात पळाला ते फळ्यावर लिहीत नाही. लस टोचतात तीही रोगाचाच अंश असते, कबूल. पण डॉक्टर आधी दंड धरतो, ‘जरा दुखेल हं’ म्हणतो, आणि रडणाऱ्या पोरांची नावं वर्तमानपत्रात देत नाही. अशा परीक्षा मुळीच घेऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. अधूनमधून घेऊ, पण हे आधी सांगावं, पगार-पेन्शन यांचं आमिष वापरू नये, आणि फसलेल्याचं नाव त्याच्यापुरतंच ठेवावं. पोटाच्या गोष्टीवर एकदा खोटं बोललेल्या मालकाचं खरंही पुढे कुणी उघडून बघत नाही. आमच्या काकांनी नाही बघितलं.

या यादीचा आणखी एक तोटा आहे, आणि तो पैशात मोजण्यासारखा आहे. ज्याचं नाव एकदा फळ्यावर लागलं, तो पुढच्या वेळी खराखुरा फसला तर सांगायला येईल का? भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशाप्रमाणे, असा घाला लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत संस्थेने तो कळवला पाहिजे. पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन कराल तितकी ते वाटेत अडवले जाण्याची आशा. सगळी मदार पहिल्या तासा-दोन तासांवर. आणि आपला माणूस ते तास कशात घालवतो? ‘सांगू की नको’ यात. दोन वेळा उठतो, पाणी पितो, परत बसतो. तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून पुढे गेलेले असतात. चोराला सगळ्यांत मोठी मदत आपल्या लाजेची होते, आणि ती लाज आम्ही यादी काढून घरची घरी तयार केलेली असते.

हिरकणीची गोष्ट आपण शाळेत शिकलो, पण ती आईच्या मायेची म्हणून. आता जरा पहारेकऱ्याच्या नजरेने बघा. आख्यायिका सांगते, की रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, गवळण आत अडकली, घरी तान्हं बाळ; ती काळोखात कडा उतरून गेली. म्हणजे ज्या गडावर वाऱ्याशिवाय काही येत-जात नाही अशी ख्याती, तिथे एका बाईने सिद्ध केलं की एक वाट मोकळी आहे. आमच्या हापिसात तिला आधी कारणे दाखवा नोटीस गेली असती. ‘सूर्यास्तानंतर परवानगीशिवाय कडा उतरल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये?’ महाराजांनी काय केलं? तिचा सत्कार केला आणि त्या जागी बुरूज बांधला. नाव तिचंच दिलं. वाट दाखवणाऱ्याला मान द्यायचा आणि वाट बुजवायची. गोष्टीत इतिहास किती आणि दंतकथा किती हे जाणकारांनी ठरवावं, पण माहिती-सुरक्षेचा याहून शहाणा धडा त्या मंगळवारच्या दीड तासात मला ऐकायला मिळाला नाही.

आता आमच्या अकाउंट्सच्या बाईंकडे येतो. एका दुपारी त्यांच्या फोनवर साहेबांच्या फोटोसकट निरोप आला. ‘मी महत्त्वाच्या मीटिंगमध्ये आहे. फोन करू नका. खालील खात्यात ताबडतोब साडेचार लाख भरा. बाकी नंतर बोलू.’ साहेब खरोखरीच मीटिंगमध्ये होते. भाषाही त्यांचीच वाटत होती, म्हणजे त्यात ‘कृपया’ कुठे नव्हतं. बाई उठल्या, दोन जिने चढल्या, मीटिंगच्या खोलीचं दार लोटलं, आणि दहा परक्या माणसांसमोर म्हणाल्या, ‘‘साहेब, हे तुम्हीच ना?’’

साहेब भडकले. मग फोन हातात घेऊन त्यांनी निरोप वाचला आणि गप्प झाले. पैसे वाचले. दुसऱ्या दिवशी बाईंचं कौतुक झालं, पुष्पगुच्छ झाला.

पण गोष्टीचा महत्त्वाचा भाग हा नाही. चोर पकडून दिल्यावर कौतुक कुणीही करील. महत्त्वाचा भाग तीन आठवड्यांनी घडला. साहेब दिल्लीला गेलेले, संध्याकाळी निरोप आला, अमुक पार्टीला आजच पैसे द्या. बाईंनी हापिसातल्या वहीतला त्यांचा जुना नंबर काढून फोन लावला. ‘‘साहेब, हे तुम्हीच ना?’’

या वेळी ते तेच होते. विमानतळावर, रांगेत, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात चहा. बाई सांगतात, पलीकडे चार-पाच सेकंद नुसता श्वास ऐकू आला. मग आवाज आला, ‘‘हो. मीच. विचारलंत ते बरं केलंत.’’

ते चार-पाच सेकंद म्हणजेच आमच्या हापिसाची सुरक्षा, असं माझं मत झालं आहे. निरोप खोटा असतो त्या दिवशी कर्मचाऱ्याची परीक्षा असते. निरोप खरा असतो त्या दिवशी साहेबाची. त्या श्वासानंतर ‘माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?’ एवढंच वाक्य बाहेर पडलं असतं, तर पुढच्या वेळी बाईंनी फोन केला नसता. मग लाख रुपयांची यंत्रं बसवा, नव्वदऐवजी नऊ दिवसांनी पासवर्ड बदला, चोर साहेबाचा आवाज काढून आत येणारच. कारण साहेबाला उलट विचारायचं नाही, ही आमच्या हापिसांतली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत मोठी फट आहे. ती साहेबाच्या स्वभावात आहे. सप्ताह भरवायचाच तर पहिल्या रांगेत साहेबांना बसवून भरवावा, आणि सामोसा त्यांनाही एकच द्यावा.

मग विश्वासाचं काय? बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघे आल्याशिवाय ती उघडत नाही. म्हणून रोखपालाने कधी घरी जाऊन ‘माझ्या सचोटीवर शंका घेतली’ असा आक्रोश केल्याचं ऐकिवात नाही. रीत सगळ्यांना सारखी असली की तिचा अपमान वाटत नाही. उलट, उद्या रक्कम कमी भरली तर आळ एकट्यावर येत नाही, याचं त्याला बरंच वाटतं. तपासणं हा संशय तेव्हाच होतो, जेव्हा फक्त शिपायाला तपासतात आणि साहेबाला सलाम करतात.

घरी तरी आपण काय करतो? कडी वाजली की आतून विचारतो, ‘कोण आहे?’ बाहेरून उत्तर येतं, ‘मी!’ महाराष्ट्रात इतकी वर्षं हाच पासवर्ड चालत आला. मोठी लिपी नाही, आकडा नाही, चिन्ह नाही, आणि सगळ्यांचा एकच. तरी चालला, कारण आपण ‘मी’ ऐकत नव्हतो, आवाज ऐकत होतो. आता तेही राहिलं नाही. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या ब्रिटिश कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याला पैसे पाठवण्याचा निरोप आला. त्याला आधी शंका आलीही होती. पण मग व्हिडिओवरच्या बैठकीत त्याने वरिष्ठ साहेब आणि ओळखीचे सहकारी आपल्या डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, आणि वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतली ती सगळी माणसं यंत्राने बनवलेली होती.

म्हणजे आता ‘मी’ला ‘मी कोण?’ असं पुन्हा विचारावं लागणार. दाराआडून, न रागावता, आणि समोरच्यानेही न रागावता उत्तर द्यायचं. कोऽहम् हा प्रश्न आपल्या ऋषींनी अरण्यात बसून सोडवायला घेतला होता. तो साडेचार लाखांच्या व्हाउचरवर येऊन ठेपेल अशी कल्पना त्यांनाही नसावी. पण माणसावर विश्वास ठेवायचा असेल, तर त्याच्या नावाने येणारा निरोप तपासावाच लागेल. बाईंचा साहेबांवर विश्वास होता म्हणून तर त्या दोन जिने चढल्या. हा माणूस असं लिहिणार नाही, असं त्यांना वाटलं. ज्याच्यावर विश्वास नसतो त्याचे हुकूम आपण मुकाट्याने पाळतो आणि मोकळे होतो.

उद्या हा लेख वाचून एखाद्या वाचकाने मला फोन केला आणि विचारलं, ‘अहो, हे तुम्हीच लिहिलंत ना?’ तर मला राग येणार नाही. बरं, थोडा येईल. चार-पाच सेकंद. साहेबांनाही तेवढेच लागले होते.